प्रवेशनियंत्रित वेब एपीआयची कसोटी

एचटीटीपी या संदेशप्रणालीचा मूलधर्म स्मृतिहीनता हा होय. मागील विनंती कोणाची होती, हे ती आपण होऊन ध्यानात ठेवीत नाही. यास्तव लॉगिन एकदा झाले तरी त्याचा पुरावा पुढील प्रत्येक विनंतीबरोबर, कुकीच्या किंवा ‘ऑथरायझेशन’ हेडरमधील टोकनाच्या रूपाने, पाठवावा लागतो. ब्राउझर कुकी परस्पर जोडतो. कर्ल किंवा पोस्टमन यांसारख्या साधनांत मात्र विनंतीचा प्रत्येक घटक परीक्षकास स्वतः पाहता व बदलता येतो. चाचणीच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व यातच आहे.

योग्य टोकन देताच २०० हा स्थितिसंकेतांक मिळाला, म्हणजे एपीआय निर्दोष ठरला, असा समज सहज होतो. तो दोन कारणांनी अपुरा आहे. पहिले असे की, २०० हा संकेतांक विनंती यशस्वी झाली एवढेच सांगतो. लॉगिन नसल्यास काही सर्व्हर ३०२ या संकेतांकाने लॉगिन-पृष्ठाकडे वळवितात. कर्ल, तशी सूचना दिल्यावाचून, त्या वळणाने जात नाही; पोस्टमन मूळ मांडणीनुसार जाते, आणि अखेर लॉगिन-पृष्ठच २०० सह हाती येते. म्हणून संकेतांकाबरोबर उत्तराचा प्रकार व आशयही तपासला पाहिजे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. प्रवेशनियंत्रणाची खरी परीक्षा होकारात नसून नकारात असते. विद्यार्थ्याचे गुणपत्रक देणारा एपीआय घेतला, तर तीच विनंती टोकनाशिवाय, बिघडविलेल्या टोकनाने, मुदत संपलेल्या टोकनाने आणि दुसऱ्या विद्यार्थ्याच्या वैध टोकनाने करून पाहावी. आरएफसी ९११० (२०२२) या प्रमाणकास अनुसरून पहिल्या तिहींचे उत्तर ४०१, म्हणजे ओळख पटली नाही, असे यावे; चौथीचे ४०३, म्हणजे ओळख पटली पण अधिकार नाही. गुणपत्रकाचे अस्तित्वच लपवावयाचे असल्यास ४०४ हेही ग्राह्य होय.

चौथ्या विनंतीस २०० मिळाल्यास, ज्यास लॉगिन आहे त्यास इतरांची गुणपत्रकेही खुली आहेत, असा अर्थ होतो. ओवास्प या संस्थेच्या २०१९ व २०२३ च्या एपीआय-धोक्यांच्या याद्यांत हाच दोष प्रथम स्थानी आहे. चाचणी अर्थात परवानगी असलेल्या प्रणालीवर व चाचणीसाठी उघडलेल्या खात्यांनीच करावी. ओळख आणि अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दोन खात्यांवाचून त्यांतील भेद तपासता येत नाही.