व्यापार व विकास यांच्या परिभाषेचे अरबी रूप

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७३ रोजी अरबीस आपल्या अधिकृत व कामकाजाच्या भाषांत स्थान दिले. त्यापूर्वी नऊ वर्षे, म्हणजे १९६४ साली, व्यापार व विकास परिषदेची जिनिव्हा येथे स्थापना झाली होती, आणि तिच्या कामकाजाची परिभाषा इंग्रजी-फ्रेंचमध्ये बऱ्याच अंशी रूढ होऊन गेली होती. जी परिभाषा अरबी अनुवादकाच्या हाती आली, ती घडत असता अरबी ही त्या दालनातील अधिकृत भाषा नव्हती, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेविली पाहिजे.

अरबीत शब्दांचा तुटवडा आहे म्हणून हा अनुवाद कठीण ठरतो, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. तीन व्यंजनांच्या एका धातूस निरनिराळ्या साच्यांत घालून शब्दांचे कुटुंबच्या कुटुंब निर्माण करण्याची शक्ती अरबीस आहे. अडचण उत्पन्न होते ती या समृद्धीतूनच. धोरणविषयक इंग्रजीत जे दोन शब्द परस्परांपासून दूर उभे असतात, ते अरबीत पुष्कळदा एकाच धातूची भावंडे होऊन येतात, आणि ज्या भेदावर वाटाघाट उभी असते तो भेद पुसट होतो.

याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण ‘विकास’ हेच होय. विकासासाठी अरबीत ‘तन्मिया’ हा शब्द आहे आणि आर्थिक वाढीसाठी ‘नुमुव्व’. दोहोंचा धातू एकच, ‘वाढणे’ या अर्थाचा. ‘नुमुव्व’ हे अकर्मक क्रियेचे नाम आहे. जे आपोआप वाढते त्याची ती वाढ. ‘तन्मिया’ हे प्रयोजक क्रियेचे नाम आहे. कोणीतरी हेतुपूर्वक वाढविणे, असा त्याचा अर्थ. येथवर अरबीचे काम इंग्रजीहूनही सरस आहे, असे म्हणावयास हरकत नाही. कारण विकासास कर्ता लागतो हे तिच्या व्याकरणातच सांगून झाले. परंतु देशांची वर्गवारी करावयाची वेळ आली की हा भेद टिकत नाही. विकसनशील देश हे ‘अल्-बुल्दान अन्-नामिया’, म्हणजे अक्षरशः ‘वाढते देश’ ठरतात. विकसित देशांस पुष्कळदा ‘वाढीत पुढे गेलेले’ असे म्हटले जाते. आणि १९७१ मध्ये आमसभेने ज्या सर्वांत कमी विकसित देशांचा वर्ग मान्य केला, त्यांचे अरबी नाव ‘अकल्ल अल्-बुल्दान नुमुव्वन्’, म्हणजे ‘वाढीच्या दृष्टीने सर्वांत उणे देश’ असे झाले.

वस्तुतः त्या वर्गाचे निकष दरडोई उत्पन्न, मानवी साधनसंपत्ती आणि आर्थिक व पर्यावरणीय दुर्बलता हे आहेत. वाढीचा दर हा निकष नाही. बांगलादेशचा या यादीत समावेश १९७५ साली झाला. २०१० नंतरच्या दशकात त्या देशाची अर्थव्यवस्था सरासरी सहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली, तरी त्याचे नाव यादीत होतेच. अरबी संज्ञेच्या शब्दार्थावरच विसंबणाऱ्यास हा विरोधाभास वाटेल. या वर्गास निर्यातीत सवलती मिळतात, म्हणून नावाचा अर्थ हा केवळ भाषाशास्त्राचा प्रश्न राहत नाही. तथापि ‘मुतखल्लिफ’, म्हणजे ‘मागे पडलेला’, या पूर्वीच्या अवमानकारक विशेषणापेक्षा ‘नामिया’ बरा, हेही मान्य केले पाहिजे. मराठीने ‘वृद्धी’ व ‘विकास’ असे दोन वेगळे शब्द वापरून ही अडचण बरीचशी टाळली आहे.

असाच प्रकार ‘फ-द-ल’ या धातूच्या बाबतीत घडतो. प्राधान्याने दिलेल्या सवलतीची वागणूक ती ‘तफ्दीलिया’. आणि विकसनशील देशांस द्यावयाच्या ‘विशेष व भिन्न वागणुकी’तील ‘भिन्न’ तो ‘तफादुलिया’. कानाला दोन्ही शब्द जवळचे आणि लिपीत तर एका दीर्घ स्वराच्या अक्षराचा व त्याच्या जागेचाच काय तो फरक. पहिली वागणूक सवलत म्हणून मिळते; दुसरी विकसनशील देश हक्क म्हणून मागतात. घाईत वाचणाऱ्या प्रतिनिधीच्या लक्षात हे अंतर न आल्यास त्यास दोष देता येणार नाही.

लिपीचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सामान्य अरबी मुद्रणात ऱ्हस्व स्वर व द्वित्व दाखवीत नाहीत. त्यामुळे ‘मस्दर’ (उगम), ‘मुसद्दिर’ (निर्यात करणारा) आणि ‘मुसद्दर’ (निर्यात झालेला) हे तिन्ही शब्द छापल्यावर अगदी एकसारखे दिसतात. मालाच्या उगमाविषयीच्या नियमांत उगमदेश कोणता आणि निर्यातदेश कोणता यावर जकातीचा दर ठरतो. तेथे अनुवादकास वाक्यरचनाच अशी करावी लागते की संदर्भाने एकच वाचन संभवावे. ‘अक्द’ या शब्दाचा अर्थ करारनामा असाही होतो आणि दशक असाही. आमसभेने १९६१ मध्ये घोषित केलेले विकास-दशक अरबीत सांगताना हा योगायोग काहीसा गमतीचा वाटतो.

‘सियासा’ या शब्दाने धोरण व राजकारण हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. २००४ साली साओ पावलो येथील अकराव्या व्यापार व विकास परिषदेत धोरण आखण्याच्या मोकळिकीची जी कल्पना मान्य झाली, ती एकवचनी ‘सियासा’ने सांगितली असती तर ‘राजकीय मोकळीक’ असा भलताच अर्थ निघाला असता. म्हणून अनेकवचनी ‘सियासात’ वापरण्याचा अथवा ‘आम्मा’ (सार्वजनिक) हे विशेषण जोडण्याचा प्रघात पडला. उपाय साधा आहे आणि तो उत्तम आहे.

अनुदानाच्या बाबतीत मात्र एकवाक्यता झालेली नाही. इजिप्तमध्ये स्वस्त पावासाठी सरकार जे देते ते लोकांच्या तोंडी ‘दअम’. शब्दशः त्याचा अर्थ ‘आधार’. आता कृषिविषयक करारात देशांतर्गत आधार आणि निर्यात-अनुदान या दोन स्वतंत्र कोटी आहेत, आणि त्यांवरील बंधनेही वेगळी आहेत. दोहोंस ‘दअम’ म्हटले की कोटी एक होतात. संयुक्त राष्ट्रांच्या अनुवादकांनी यासाठी ‘इआना’ हा शब्द राखून ठेविला. २०१५ च्या शाश्वत विकास-उद्दिष्टांत मत्स्यव्यवसायाच्या अनुदानांविषयी जे कलम आहे त्यात तोच आढळतो. वृत्तपत्रे मात्र ‘दअम’च लिहितात.

संज्ञांपेक्षाही बिकट प्रश्न क्रियापदांचा आहे. इंग्रजी दस्तऐवजात बंधन, अपेक्षा आणि मुभा यांसाठी तीन सहायक क्रियापदे ठरलेली आहेत. मुभेसाठी अरबीत ‘यजूज’ हे चोख आहे. मराठीतील ‘जायज’ त्याच धातूचा. अपेक्षेसाठी ‘यम्बगी’ रूढ झाले; पण सामान्य वाचक त्यात कर्तव्याची छटा वाचतो. बंधनासाठी पुष्कळदा साधे वर्तमानकाळी क्रियापदच येते, आणि ते विधान आहे की आज्ञा, हे प्रकरणावरून ओळखावे लागते. मराठी ‘करावे’ची स्थिती याहून फारशी निराळी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे हवामान कराराच्या चौथ्या कलमात विकसित देशांविषयीच्या वाक्यात बंधनवाचक क्रियापद पडले होते. अमेरिकेने हरकत घेतली, आणि अखेरच्या सभेत ते अपेक्षावाचक करून मगच मसुदा संमत झाला. त्या कराराची अरबी संहिता इंग्रजीइतकीच प्रमाण आहे. एका क्रियापदावर करार अडू शकतो, तेव्हा ‘यम्बगी’चा अर्थ किती ताणावा हे अनुवादकाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

मराठी अभ्यासकास येथे एक सावधगिरीची सूचना करणे अप्रस्तुत होणार नाही. ओळखीचे शब्द फसवितात. अरबी ‘करार’ म्हणजे ठराव किंवा निर्णय, दोन पक्षांतील करार नव्हे. ‘मसुदा’ मूळचा अरबीच, परंतु ठरावाच्या मसुद्यास तेथे ‘मशरूअ करार’ म्हणतात. आणि ‘मशरूअ’चा दुसरा अर्थ प्रकल्प असल्याने विकासविषयक कागदपत्रांत एकाच पृष्ठावर तो दोन्ही अर्थांनी येऊ शकतो.

जागतिक व्यापार संघटनेपुरती परिस्थिती निराळी आहे. तिचा स्थापना-करार १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेश या अरब नगरात झाला, पण त्याच्या प्रमाण संहिता इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश याच होत. अरबी अनुवादास तेथे काहीच अधिकार नाही. इजिप्त व मोरोक्को १९९५ पासून, जॉर्डन २००० पासून आणि सौदी अरेबिया २००५ पासून सदस्य आहेत. या देशांतील वकील व न्यायाधीश सामान्यतः अरबी पाठच हाती घेतात. जिनिव्हाचे तंटा-निवारण मंडळ इंग्रजी पाठ वाचते. एखाद्या आयातदाराने ‘दअम’ आणि ‘इआना’ यांतील फरकावर आपली बाजू मांडावयाची ठरविली, तर देशातील न्यायालयात प्रथम त्यास अनुवादाचाच युक्तिवाद करावा लागेल.