सिलिअ‍ॅकवर गोळी कधी येणार?

मी वर्ध्याचा, आणि मला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की माझीच प्रतिकारशक्ती माझ्या लहान आतड्याला इजा करते. पंगतीत सगळ्यांना पोळी, मला नुसता भात! मग वाटतं, यावर गोळी का नाही?

शोध चालू आहे. लॅराझोटाइड आतड्याच्या पेशींमधल्या फटी घट्ट ठेवणार होतं, पण २०२२ मध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी थांबली. दुसरं औषध झेडईडी१२२७. ग्लुटेनला जास्त त्रासदायक बनवणारं एन्झाइम ते अडवतं. २०२१ मध्ये छापून आलेल्या चाचणीत रुग्णांनी सहा आठवडे रोज ३ ग्रॅम ग्लुटेन खाल्लं. गोळीवाल्यांच्या आतड्याला इजा कमी झाली. पण म्हणून बिनधास्त पोळी खा, असं नाही.

तोवर माझं औषध आजीचंच, ज्वारीची भाकर. तिच्यात ग्लुटेन नसतं. फक्त चक्कीवर आधी गहू दळलेला नको, पीठ मिसळतं.

आणि तुम्हाला शंका असेल, तर गहू सोडण्याआधी टीटीजी रक्ततपासणी करा. आधीच सोडला, तर आजार तपासणीत लपू शकतो. भेटू पुढच्या भागात!