कल्पनेला कसोटी हवी, कसोटीला कल्पना!

आपल्या चळवळीत दोन प्रकारचे कार्यकर्ते आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. एकाला चर्चा आवडते. 'असे झाले असते तर', 'तसे असते तर' यावर तो रात्र-रात्र बोलतो, पण सकाळी तहसील कार्यालयात अर्ज घेऊन जायला तयार नसतो. दुसरा रस्त्यावरचा माणूस. मोर्चा, निवेदन, धरणे यात तो पुढे असतो. पण 'हे कशासाठी, आणि याचा परिणाम काय व्हायला हवा?' असे विचारले की चिडतो. 'जर-तर'च्या गोष्टी रिकामटेकड्यांच्या, असे त्याचे मत. आम्हाला वाटते, दोघेही अर्धेच बरोबर आहेत. विचार करण्याची एक शास्त्रशुद्ध रीत आहे, तिला विचारप्रयोग म्हणतात. ही रीत आणि प्रत्यक्ष कसोटी या दोन्ही जोडल्या तरच नवे काही निर्माण होते. आणि ही जोडणी करणारे सर्वात मोठे उदाहरण आपल्याच घरात आहे.

विचारप्रयोग म्हणजे काय? प्रयोगशाळेत जे करून पाहता येत नाही ते मनात मांडायचे, नियम ठरवायचे आणि त्या नियमांशी प्रामाणिक राहून परिणाम कुठे जातात ते पाहायचे. जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते, असे ॲरिस्टॉटलपासून मानले जात होते. गॅलिलिओने विचारले, जड दगडाला हलका दगड बांधला तर काय होईल? हलका दगड जडाला मागे ओढील, म्हणजे वेग कमी होईल. पण दोन्ही मिळून वजन वाढले, म्हणजे वेग वाढायला हवा. एकाच गृहीतातून दोन उलट उत्तरे निघाली, म्हणजे गृहीतच खोटे! १६३८ साली हा युक्तिवाद छापून आला. पुढे १९७१ मध्ये 'अपोलो १५'च्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, ते एकदमच खाली पडले. आईन्स्टाईन सोळाव्या वर्षी प्रकाशकिरणाच्या मागे धावण्याची कल्पना करीत होता. त्याच वळणाच्या विचारातून पुढे त्याचा सापेक्षतावाद उभा राहिला, आणि १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचे फोटो काढून त्याची परीक्षा झाली. कल्पना आधी, कसोटी नंतर. पण कसोटी झालीच.

आम्ही वकील मंडळी तर रोज हेच करतो. १८६० चा भारतीय दंड संहितेचा ग्रंथ उघडा, चोरीच्या कलमाखाली दृष्टांत दिले आहेत. खजिन्याची पेटी घेऊन जाणारा बैल एका माणसाला दिसतो. खजिना लबाडीने घेण्याच्या हेतूने तो बैलाला एका दिशेने हाकतो. चोरी केव्हा झाली? बैल हलला त्या क्षणी. असा बैल कुठे चालला नव्हता, तो मनातला बैल आहे. पण तो मनातला बैल दीडशे वर्षांहून अधिक काळ खऱ्या चोरांचे खटले सोडवीत आला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी दृष्टांताची पद्धत गेली नाही.

मग पुराण आणि विचारप्रयोग यात फरक काय? पुराणही कल्पनाच आहे. फरक असा की पुराणाला प्रश्न विचारायची मनाई असते, आणि विचारप्रयोग प्रश्नासाठीच जन्माला येतो. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण, पायातून शूद्र, ही कल्पना हजारो वर्षे फारशी कुणी तपासली नाही. ती राष्ट्रपिता जोतिराव फुल्यांनी तपासली. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी 'हे खोटे आहे' एवढे म्हणून सोडले नाही. 'बरे, खरे मानू. मग पुढे?' असे ते विचारतात. मुख, बाहू, मांड्या आणि पाय या चारही ठिकाणी जन्म देण्याची सोय होती, तर ब्रह्म्याला त्या प्रत्येक ठिकाणचा विटाळ पाळून महिन्यातील किती दिवस वेगळे बसावे लागत असेल, याचा हिशेब ते मांडतात. वाचणारा हसतो, आणि हसता हसता त्याच्या डोक्यातली गुलामी गळून पडते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या 'स्त्रीपुरुष तुलना'त हेच हत्यार उचलले. नवरा मेला तर बाईने केस काढायचे, मग बायको मेली तर पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये? बाजू उलटी करून पाहिली की अन्याय उघडा पडतो.

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचे मानववंशशास्त्राचे चर्चासत्र. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर 'भारतातील जाती' हा निबंध वाचतात. जात कशी निर्माण झाली हे पाहायला कुणी हजर नव्हते. काळाचे चक्र मागे फिरवता येत नाही. तेव्हा बाबासाहेबांनी काय केले? एक काल्पनिक समूह घेतला. या समूहाला स्वतःची जात बनवायची आहे, म्हणजे लग्ने आतच करायची आहेत. त्याला कोणते उपाय करावे लागतील?

हिशेब सरळ आहे. लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येत असले तरच लग्ने आत निभतील. पण माणसे जोडीने मरत नाहीत. नवरा आधी मेला तर एक स्त्री जादा उरते. ती जातीबाहेर लग्न करील तर भिंत फुटेल. जातीतच करील तर एका कुमारिकेचा वर जाईल. मग तिचे काय करायचे? एक तर नवऱ्याच्या चितेवर जाळायचे, नाही तर जन्मभर सक्तीचे वैधव्य लादायचे. बायको आधी मेली तर एक पुरुष जादा उरतो. त्याला जाळता येत नाही, कारण सत्ता त्याच्या हातात आहे आणि समूहाला तो हवा आहे. संन्यास त्याला झेपत नाही. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयाची न झालेली मुलगी आणायची. म्हणजे बालविवाह.

इथपर्यंत हिंदुस्थानचे नाव नाही. इथपर्यंत फक्त एक मनातला समूह आहे आणि त्याचे गणित आहे. त्यानंतर बाबासाहेब हे गणित प्रत्यक्ष समाजासमोर ठेवतात. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह: कागदावर जे निघाले तेच रस्त्यावर दिसते! पण ते एवढ्यावर थांबत नाहीत, आणि इथेच शास्त्रज्ञाची कसोटी लागते. या प्रथा जर जातीची भिंत राखण्याची साधने असतील आणि वरच्यांचे अनुकरण करीत जात खाली पसरली असेल, तर ब्राह्मणांच्या जवळच्या जातींत तिन्ही प्रथा कडक दिसल्या पाहिजेत आणि जसजसे दूर जाल तसतशा त्या एकेक गळत गेल्या पाहिजेत. बाबासाहेब दाखवतात की नेमके तसेच आहे. काहींत तिन्ही, काहींत वैधव्य आणि बालविवाह, काहींत फक्त बालविवाह, आणि सर्वात दूरच्यांत नुसती जातीवरची श्रद्धा. त्या काळी या प्रथांचे गोडवे गाणारे पंडित पुष्कळ होते. त्या का निर्माण झाल्या हे सांगणारा हा विद्यार्थी होता, आणि वंशशुद्धीच्या कल्पनेचा आधार न घेता, बाईच्या देहावर उभारलेली जात त्याने उघडी केली.

विचारप्रयोगातून आलेली गोष्ट इथेच थांबली असती तर ती ग्रंथालयात राहिली असती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर सर्व ठीक! पण कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आहे का, हे ओंजळ भरल्याशिवाय कसे कळणार? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह ती ओंजळ भरली. परिणाम लगेच आला: माणसांना मारहाण झाली आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ठरावाची किंमत काय, हे त्या एका दिवसाने साऱ्या देशाला दाखवले. पुढे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पृश्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळाची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. ज्या रूढीला सारे सनातन म्हणत होते, तिला 'पुरावा दे' असे म्हणताच तिच्याजवळ पुरावा निघाला नाही. कसोटी अशी असते.

पण वाचक बंधू-भगिनींनो, हाच 'जर-तर' आपल्याविरुद्धही वापरला जातो, हे विसरू नका. २९ सप्टेंबर २००६. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुले मारली गेली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कैदेत बदलली. दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लागू धरली नाहीत, सूडाचा हेतू मानला. कायद्याचे तेव्हाचे शब्द होते 'त्या जातीची आहे या कारणावरून'. म्हणजे न्यायाधीशाला मनात एक विचारप्रयोग करावा लागतो: हे कुटुंब बौद्ध नसते तर हे घडले असते का? आमचा सवाल असा की हा प्रयोग कुणाच्या मनात होतो? गावात जातीने कोण कुणाच्या विहिरीवर जाते हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याच्या मनातला गाव वेगळा असतो. त्या मनातल्या गावात जात नसतेच. तिथे भांडण फक्त शेताच्या वाटेचे असते.

एका गुन्ह्याबाबत असा प्रश्न मनातच सोडवावा लागतो, पण समाजाबाबत तो प्रत्यक्ष तपासता येतो. विदर्भाचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी ते करून दाखवले. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. एक उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. 'हा उमेदवार दलित नसता तर?' या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळाले. कायदाही बदलला. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, 'या कारणावरून' ऐवजी 'जातीची आहे हे माहीत असून' असे शब्द आले. आरोपी पीडितांना ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असे गृहीत धरण्याची तरतूद झाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाटन जमाल वली प्रकरणात जुन्या शब्दांचा अर्थ 'जात हेच एकमेव कारण' असा लावणे चूक ठरवले. दुरुस्तीपूर्वीच्या गुन्ह्यांना तिचा फायदा नाही, ही खंत आहेच.

आणि कल्पकता म्हणजे इंग्रजी शिकलेल्यांची मिरासदारी, हा समजही सोडा. आमचा हा धानाचा मुलूख. नवे बियाणे शेतकरी सगळ्या बांध्यांत टाकत नाही. आधी एका कोपऱ्यात रोवून पाहतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दलित शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल-३' धानाच्या बांधीत काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. दुसऱ्याने त्या कापून रास केली असती. 'या लोंब्यांचेच बी वेगळे पेरले तर?' असे मनात आले म्हणून त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून 'एचएमटी' तांदूळ आला, जो आज कित्येक घरांच्या ताटात आहे. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण पैसा दुसऱ्यांनी कमावला आणि २०१८ मध्ये दादाजी हलाखीतच गेले. कल्पना आमची, कसोटी आमच्या घामाची, आणि श्रेय-संपत्ती परक्याची, हा जुना हिशेब आता तरी मोडायला नको का?

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहारातल्या अभ्यासवर्गात दर महिन्याला एक 'जर' घ्या. उदाहरणार्थ, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती मागील पाच वर्षे खरोखर खर्च झाली असती, तर आपल्या वस्तीत काय काय दिसायला हवे होते? आधी कागदावर यादी करा. मग वस्तीत फिरून पाहा. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली खर्चाची नोंद मागा. यादी, वस्ती आणि नोंद, तिन्ही शेजारी ठेवा. जिथे जुळत नाही तिथे आंदोलनाचा मुद्दा आहे. आणि सगळे जुळले तर तेही प्रामाणिकपणे मान्य करा. आपल्याला हवे तेच उत्तर देणारी कसोटी ही कसोटी नव्हे.

तथागत बुद्धांनी किसा गोतमीला प्रवचन दिले नाही. ज्या घरी कुणी मेले नाही तिथून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार फिरली आणि सत्य स्वतः शोधून परत आली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या अनुयायाने दुसऱ्याचे उत्तर पाठ करून भागत नाही. प्रश्न मनात घडवा आणि उत्तरासाठी दारोदार फिरा!

जयभीम.