पहिले औषध : साखरेचे पाणी



गळिताच्या हंगामात आपण उताऱ्याचा आकडा दशांशापर्यंत मोजतो. काट्यावर गाडी आली की किलोकिलोचा हिशेब होतो. पण ज्या कोयत्याने तो ऊस तोडला, त्याच्या कोपीतल्या पोराचे वजन कोणी करते काय? गेल्या हंगामातला अनुभव म्हणून हे चार शब्द.

तळावरचे एक दीड वर्षाचे मूल आम्ही गट ऑफिसच्या जीपमधून ग्रामीण रुग्णालयात नेले. आई म्हणत होती, "खात नाही, पण अंगानं भरलंय की!" डॉक्टरांनी पोराच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. ते बाळसे नव्हते, सूज होती. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर अशी सूज असली, तर ते तीव्र कुपोषण समजतात.

"सलाईन लावा की, डॉक्टर," बाप म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "अशा पोराचं काळीज दुबळं झालेलं असतं. शिरेतून एकदम पाणी गेलं तर झेपत नाही." पहिले औषध दिले ते ५० मिलिलिटर पाण्यात चमचाभर साखर! रक्तातली साखर उतरून आणि अंग गार पडून ही मुले दगावतात. म्हणून आधी साखरपाणी, आणि मूल आईच्या पोटाशी उबेला. आपण साखरेची पोती मोजणारी माणसं. चमचाभर साखरेचं मोल त्या दिवशी कळलं.

पुढे दूध, साखर आणि तेलाचे पातळ मिश्रण, १०० मिलिलिटरला ७५ कॅलरीचे, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. उपाशी देहाला एकदम पोटभर घातले तर ते जिवावर बेतते. ताप नसला तरी जंतुसंसर्ग धरून औषध देतात. रक्त कमी दिसले तरी लोहाचे औषध मात्र लगेच देत नाहीत.

चौथ्या दिवशी वजन घटले. बाप चिडला, "इथं आणून पोरगं वाळलं!" घटले होते ते सुजेचे पाणी. पण आईनेही गाठोडे बांधले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; बाई दवाखान्यात बसली तर अर्धा कोयता बंद, आणि मुकादमाची उचल डोक्यावर. अखेर तिची जाऊ मोळ्या बांधायला उभी राहिली, तेव्हा ती थांबली. सूज उतरली, पोराने स्वतःहून वाटीकडे हात केला. मग १०० मिलिलिटरला १०० कॅलरीचे दूध सुरू झाले आणि काटा वर चढू लागला. दोन आठवड्यांनी ते आईच्या कडेवर हसत तळावर आले.

औषध महाग नव्हते. महाग होते ते आईचे दोन आठवडे.

म्हणून आमची विनंती अशी. स्लिपबॉयने कोयते मोजताना पाच वर्षांखालची मुलंही मोजावीत आणि यादी जवळच्या अंगणवाडी सेविकेला द्यावी. दंडाची पट्टी तिच्याकडे मिळते. ज्यांच्या फडात तोड चालू आहे त्या सभासदांनी कोपीत एकदा डोकावावे. पोराचे पाय सुजलेले दिसले तर "भरलंय" म्हणून पुढे जाऊ नये, गाडी काढावी.