कांद्याच्या टरफलांचा सोनेरी रंग

कल्याणला थंडी पडते ती किती! जानेवारीतले आठ-दहा दिवस सोडले तर अंगावर शालही ठेववत नाही. तरी आमच्या कपाटात लोकरीची एक पिशवी सात वर्षे जपून ठेवलेली होती. अम्मीची. नातवंडासाठी तिने पांढऱ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता. पाठ पूर्ण झाली, पुढचा भाग अर्ध्यावर आला आणि अम्मी अल्लाहला प्यारी झाली. पुढे ती लोकर ठिकठिकाणी पिवळी पडली. टाकवत नव्हती आणि वापरवतही नव्हती.

डोंबिवलीला आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. शाळेतून निवृत्त झाल्या, आता बाळंतविडे विणून देतात. त्यांच्या-आमच्या घरांमध्ये एका ठाकुर्ली स्टेशनाचे अंतर आणि दोघींना वेड एकच, लोकरीचे. पिशवी पाहून त्या म्हणाल्या, "डाग निघायचे नाहीत, बाई. पण रंगात मिसळून जातील. घरीच रंगवू या."

रंगाचे काम आपल्या समाजाला नवे नाही. 'रंगरेज' हा शब्दच फारसीतून आलेला. दुपट्ट्याला जुळता रंग लावून देणारे कारागीर बाजारात आजही भेटतात. पूर्वी हे काम मंजिष्ठ, नीळ, हिरडा, डाळिंबाची साल यांवर चाले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला क्विनीन बनवण्याच्या खटपटीत कृत्रिम जांभळा रंग सापडला. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि झाडापाल्याचे रंग मागे पडले. स्वस्त आणि हवा तो रंग घरोघरी पोहोचला, हा फायदा मान्यच करायला हवा. पण रंगाचे उरलेले पाणी कुठे जाते? डोंबिवलीकरांना ते वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला होता आणि तो पाहायला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आले होते. म्हणून काकूंची एकच अट होती, "जे पाणी कुंडीत ओतायला भीती वाटेल, ते आपल्या पातेल्यात नको."

आम्ही कांद्याची टरफले निवडली. आमचे घर, शेजारणी आणि शाळेतली खिचडी मिळून दोन महिन्यांत पिशवी भरली. वजनाला टरफले जवळजवळ लोकरीइतकीच लागतात.

आधी लोकर खरी आहे का ते पाहिले. दुकानात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे सूत ॲक्रिलिकचे असते आणि त्यावर हे रंग चढत नाहीत. धाग्याचा तुकडा जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. अम्मीची लोकर खरी निघाली.

तरी पहिला प्रयोग आम्ही नव्या लोकरीवर केला, ते बरे झाले. घाईत आम्ही उकळत्या पाण्यातली लडी थेट नळाखाली धरली. लोकर आकसली आणि तिचा नमदा झाला. गरम-गार एकदम झाले आणि वर चोळले की लोकरीचे धागे एकमेकांत अडकतात, ते पुन्हा सुटत नाहीत. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. अम्मीचा तुकडा असा झाला असता तर?

दुसऱ्या रविवारी सगळे सावकाश केले. दोनशे ग्रॅम लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून धुतली. वीस ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवली, त्यात लोकर तासभर मंद आचेवर ठेवली. तुरटीमुळे रंग धाग्याला धरून राहतो. टरफले वेगळी उकळून, गाळून घेतली. त्या पाण्यात लोकर सोडली आणि पाणी उकळू न देता पाऊण तास गरम राखले. मग गॅस बंद करून पातेले रात्रभर तसेच ठेवले. पातेले आणि चमचा यासाठी वेगळेच ठेवावेत, पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत. हळदीचा मोह टाळावा, तिचा रंग उन्हात लवकर उडतो. मोरचूद विषारी, ते घरात आणूच नये.

विणलेली पाठ उसवायची का, असे काकूंनी विचारले होते. आम्ही नाही म्हटले. ती तशीच अखंड रंगवली.

सकाळी लोकर बाहेर काढली तर रंग मधासारखा सोनेरी आला होता. डाग होते तिथे तो थोडा गडद झाला, इतकेच. उरलेल्या पाण्यात काकूंनी आणखी एक लडी रंगवली, ती फिकट बदामी झाली.

ज्याच्यासाठी तो स्वेटर होता तो मुलगा आता दुसरीत आहे. स्वेटर धाकट्या बहिणीच्या बाळाला होईल. पुढचा भाग आम्ही पूर्ण केला. अम्मीचे टाके घट्ट, आमचे सैल. जोड कुठे आहे ते स्पष्ट दिसते. काकूंनी ते उसवून पुन्हा घट्ट विणायला सांगितले नाही, आणि आम्हीही विणले नाही.