मोटारीतला गारवा कोठे जातो?

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना उतारू कुरकुरतो, ‘गार वारा बंद पडला!’ मग महाडास परतल्यावर भाड्याच्या मोटारीचा चालक पदरमोड करून ‘गॅस’ भरून घेतो. आम्हां संघटनावाल्यांना खुपते ती ही पदरमोड.

श्रोतेहो, हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता बाहेर नेऊन टाकते. काँप्रेसरने दाबलेला वायू तापतो, मोटारीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत निवून द्रव होतो आणि पुढे आतल्या जाळीत त्याची वाफ होताना भोवतालची उष्णता शोषतो. मडक्यातले पाणी गार होते तो हाच न्याय. हा वायू पेट्रोलासारखा जळून संपत नाही. तो बराच घटला असेल तर गळती आहे. ती न शोधता भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

सपाटीवर गारवा टिकतो आणि वाहनांच्या रांगेत थांबताच जातो, असे असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते पाहावे. जाळीतली धूळ हलक्या धारेने धुवावी. चढावर इंजिन फार तापले तर कित्येक मोटारी काँप्रेसर आपणच बंद करतात. तेथे दोष इंजिन निवविण्याच्या व्यवस्थेत शोधावा. वाराच मंद येत असेल तर बहुधा आतली गाळणी तुंबलेली असते, आणि ती तर घरीही साफ करता येते! नळीच्या सांध्यावर तेलकट डाग दिसला, तर गळतीचा संशय तेथेच घ्यावा. सांधा मात्र स्वतः उघडू नये. उसळणारा द्रव कातडी गोठवितो. कारागिराला पैसे देण्यापूर्वी एवढे विचारावे: गळती कोठे सापडली?