पट्ट्याची कडी

आता तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाचं बंदुकीशी काय काम? नागभीडच्या माणसाला हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. आमच्याकडे धानाच्या बांधीपलीकडे जंगल सुरू होतं, आणि रानडुकरं, वाघ, बिबट्या हे चहाच्या टपरीवरचे रोजचे विषय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, तरी पीक राखणीच्या परवान्याची एखादी जुनी बंदूक गावात कुणाकडे तरी असायचीच. लहानपणी मी त्या बंदुका पाहिल्या त्या भिंतीवर टांगलेल्या. खुंटीला चामडी पट्टा, पट्ट्याला बंदूक. बोलायचं आहे ते हा पट्टा ज्या कडीत अडकतो त्या कडीबद्दल.

कॉलेजात असताना, १९८८-८९ च्या सुमारास, मी एनसीसीत होतो. शिबिरात पॉइंट टू-टू रायफल हातात आली. पालथं पडायचं, समोर वाळूची पिशवी, आणि पाच गोळ्या. मी माझ्या परीने शहाणपणा केला. बंदूक सरळ पिशवीवर ठेवली आणि म्हटलं, आता ही हलणार कशाला? निशाणाचा कागद आणला तेव्हा पाच भोकांची पाच गावं झाली होती. दोन तर वरच्या कडेला. आमचे हवालदार काही बोलले नाहीत. त्यांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतली, ती उलटी केली आणि नळीखालच्या लाकडाला असलेल्या लोखंडी कडीवर बोट ठेवलं. माझी बंदूक लाकडावर टेकलीच नव्हती, ती त्या डुगडुगत्या कडीवर टेकली होती. मग त्यांनी माझा डावा हात पिशवीवर ठेवायला लावला आणि बंदूक तळहातावर. पुढच्या पाच गोळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळ लागल्या. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आमच्या घरच्या उर्दूत शेर दुरुस्त करून देणाऱ्यालाही उस्तादच म्हणतात. दोघंही एकच शब्द सरकवतात आणि ओळ सरळ होते.

एवढीशी कडी असं का करते? बंदूक उडाली की मागे धक्का बसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गोळी आधी बाहेर पडते आणि बंदूक नंतर हलते, असं आपल्याला वाटतं, आणि तिथेच चूक होते. गोळी पुढे सरकायला लागली त्याच क्षणी बंदूक मागे सरकायला लागलेली असते. एनसीसीतल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीचा हिशोब मांडून बघा. गोळी सुमारे ११ ग्रॅम, बंदूक ४ किलोच्या आसपास, नळी ६४ सेंटिमीटर. गोळी नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत बंदूक साधारण २ मिलिमीटर मागे आलेली असते. टू-टूची गोळी अडीच ग्रॅमची, म्हणून तिथे हे सरकणं अर्ध्या मिलिमीटरच्याही आत.

या दोन मिलिमीटरच्या प्रवासात बंदूक गुळगुळीत सरकली तर ठीक. पण पुढची कडी किंवा तिची खुंटी पिशवीच्या पुढच्या काठाला भिडलेली असेल, तर मागे येताना ती पिशवीवर चढते. नळीचं तोंड वर उचललं जातं आणि गोळी वर जाते. दस्त्याच्या खालच्या बाजूची खुंटी मागच्या पिशवीला अडली तर उलटं होतं. दस्ता वर, तोंड खाली. कडी दर वेळी सारखीच अडली असती तरी चाललं असतं, निशाण तेवढं खाली धरता आलं असतं. पण ती एकदा काठावर असते, एकदा वाळूत रुतते, एकदा आडवी पडते. म्हणून माझी पाच गावं झाली. पाऊण मीटरच्या अंतरात टोक एक मिलिमीटर उचललं गेलं, तर ५० मीटरवर गोळी साडेसहा सेंटिमीटर चुकते. हा तिसरी-चौथीतला त्रैराशिक आहे.

यावर उपाय सोपा. ज्याला टेकूवरूनच नेम धरायचा आहे, त्याने पुढची खुंटी काढावी. मात्र आधी एक पाहावं. खुंटी पिशवीपासून तीन-चार सेंटिमीटर पुढे असेल, तर ती पिशवीला धडकेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते. अशा वेळी काही काढायची गरज नाही, पिशवी थोडी मागे घेतली की झालं. बंदुकीवर पेचकस चालवायची हौस असलेल्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो.

काढायचीच असेल तर दोन्ही खुंट्या सारख्या नसतात. मागची बहुधा लाकडात फिरवलेला साधा स्क्रू असते, ती फिरवून निघते. पुढची पुष्कळदा आरपार असते. तिचा नट नळीखालच्या खाचेत बसलेला असतो, त्यामुळे नळी लाकडातून सोडवल्याशिवाय हात पोचत नाही. बाहेरून नुसती पिळत बसलं तर नट आत फिरतो आणि लाकूड कुरतडतो. पुन्हा बसवताना नटाचं डोकं नळीला टेकता कामा नये, नाहीतर एक दोष काढताना दुसरा घातला. भोक उघडं ठेवू नये. आमचे अब्बा आरामशीनवर होते. लाकडाचं उघडं तोंड पावसाळ्यात पाणी पितं आणि फुगतं, हे त्यांच्याकडून मी शंभरदा ऐकलंय. मेण किंवा लाख भरावी. हल्ली खुंटीऐवजी लाकडात बसणारी वाटीही मिळते. बटण दाबलं की पट्टा सुटतो आणि खाली काही लोंबत नाही. हे सगळं परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची दुरुस्ती हासुद्धा परवान्याचा धंदा आहे. आणि सरकारी बंदुकीची कडी तर काढायची नसतेच, तिथे उस्तादांचा तळहाताचा उपाय.

स्पर्धेच्या रायफलवाल्यांनी या प्रश्नाचा वेगळाच निकाल लावला. त्यांना टेकू वापरायला बंदीच आहे, पट्टा हाच त्यांचा टेकू. पालथं पडून नेम धरताना पट्टा दंडाभोवती घट्ट बसतो, पुढे डाव्या हाताजवळ अडकतो आणि बंदुकीचं वजन स्नायूंऐवजी हाडांवर येतं. कोपरापासूनचा हात जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन करायला हवा, असा नियम आहे. इथे खुंटी ठोकून बसवली तर उंच माणसाला एक जागा आणि बुटक्याला दुसरी, कसं जमणार? म्हणून लाकडाखाली पट्टी बसवतात आणि अडकवायची जागा तिच्यावर हवी तिथे सरकवतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, त्या या पट्ट्याच्या आधारावर. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं, त्यांच्या प्रकारात गुडघ्यावर आणि पालथं असताना पट्टा चालतो, उभं राहून चालत नाही. त्या निशाणाचं दहाचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं, तेही ५० मीटरवर.

पण आमच्या भागात ही कडी मला पुन्हा भेटली ती मैदानावर नव्हे. नागभीड हे ब्रह्मपुरी वनविभागात येतं, आणि इथे वाघ गावाच्या कडेनेच राहतात. काही वर्षांपूर्वी एका गावाजवळ वाघ पकडायचा होता. माणसं मेली होती, लोक चिडलेले होते, बांधावर जत्रा जमली होती. मीही त्या जत्रेतलाच एक. बेशुद्ध करायच्या बंदुकीतून गोळी नव्हे, औषधाची सुई जाते, डार्ट म्हणतात तिला. ती संथ असते, नळीतून बाहेर पडायला गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. म्हणजे तेवढा वेळ बंदूक सरळ राहायला हवी. अंतर वीस-तीस मीटरचं, आणि सुई लागायला हवी मांडीच्या भरीव मांसात. पोटात किंवा बरगड्यांत गेली तर वाघ दगावू शकतो. अर्धवट लागली तर अर्धवट गुंगीतला चिडलेला वाघ आणि बांधावर चारशे माणसं.

जीपमध्ये उभ्या असलेल्या त्या माणसाने सगळ्यात आधी बंदुकीचा पट्टा सोडवून खाली वनरक्षकाच्या हातात दिला. जीपच्या दांडीवर घडी घातलेलं पोतं ठेवलं. मग बोटाने लाकडाखाली चाचपलं, खुंटी कुठे आहे ते पाहिलं, बंदूक चार बोटं पुढे सरकवली आणि पोत्यावर डावा हात ठेवून ती तळहातावर घेतली. आवाज टाळी वाजावी तेवढाच झाला. वाघ दचकून झुडपात शिरला, मांडीवर सुईचं लाल शेपूट दिसत होतं. दहा-पंधरा मिनिटं बांधावर कुणी बोललं नाही. मग वनरक्षक लांब काठीने वाघाला डिवचून बघायला पुढे गेला, आणि त्याच्या खांद्यावर तो चामडी पट्टा अजून तसाच लोंबत होता.